ठेवणीतला एक जोड

गुढीपाडवा आणि रमजान ईद यांची गेली काही वर्षे गाठ पडली आहे. २०२४ मध्ये ९ एप्रिलला पाडवा झाला आणि ११ एप्रिलला ईद. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढ्या उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी ईदची नमाज झाली. यंदा पाडवा १९ मार्चला आहे आणि चंद्रदर्शन होईल त्याप्रमाणे ईद त्याच्या पुढच्या एक-दोन दिवसांत. दोन्ही सण महिन्याच्या पहिल्या दिवसाचे. चैत्र आणि शव्वाल एकाच अमावास्येनंतर सुरू झाले की ते असे शेजारी येतात. पुढच्या वर्षी ही जोडी सुटेल, कारण यंदा ज्येष्ठ अधिक आहे आणि हिजरी कालगणनेत अधिक महिना नसतो.

जोडी आहे तोवर कोल्हापूरच्या कापडबाजाराची चंगळ आहे. महाद्वार रोड, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी या भागांत संध्याकाळी पाय ठेवायला जागा मिळत नाही. इफ्तार आणि मगरिब उरकून बाहेर पडलेली कुटुंबे आणि पाडव्याच्या खरेदीला आलेली कुटुंबे एकाच दुकानाच्या एकाच गादीवर बसून कापड पाहत असतात. एका गल्लीत ‘‘भाभी, ईदचा जोडा झाला का?’’ अशी विचारपूस चालते, तर दुसऱ्या गल्लीत ‘‘वहिनी, पाडव्याची साडी घेतली का?’’ अशी. विचारणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते. पण हा प्रश्न ऐकून किती घरांत रात्री हिशेब मांडले जातात आणि किती घरांत दुकानदाराला पुढच्या महिन्याचा वायदा केला जातो, हे त्या घरांनाच ठाऊक. शेजारच्या घरात कपाटाचे दार लोटूनही बंद होत नाही, तरी तिथेही ‘घालायला काही नाही’ हीच तक्रार असते.

रमजानचा महिना भुकेची ओळख करून देतो. पोटाला किती पुरते, हे तीस दिवसांत नव्याने कळते. मग अंगाला किती पुरते, हा प्रश्न याच महिन्यात विचारायला काय हरकत आहे?

सुन्नत नव्याची की चांगल्याची?

ईदला नवे कपडे हवेतच, असा समज घरोघरी आहे. हदीसच्या परंपरेत मात्र सांगणे थोडे निराळे आहे. ईदच्या सकाळी आंघोळ करावी, अत्तर लावावे आणि आपल्याकडे असलेल्या कपड्यांतला चांगला जोड घालावा. ‘असलेल्यांतला चांगला’ यात नवा आला तर आला, पण नव्याची अट नाही. घडी केलेला, धुतलेला, इस्त्री केलेला मागच्या वर्षीचा कुर्ताही सुन्नत पुरी करतो.

पवित्र कुरआनमध्ये पोशाखाचा उल्लेख आदराने येतो. पोशाख शरीर झाकतो आणि शोभाही देतो, आणि सर्वांत चांगला पोशाख तकव्याचा म्हणजे ईशभयाचा, असा सूरह अल-आराफमधील आशय आहे. त्याच सूरहमध्ये पुढे इबादतीच्या वेळी नीटनेटके राहण्याची, खाण्यापिण्याची मुभा दिली आहे आणि लगोलग उधळपट्टीला मनाई केली आहे. उधळपट्टीसाठी तिथला शब्द आहे ‘इस्राफ’, म्हणजे हद्द ओलांडणे. रोजांचे नियम सांगणाऱ्या सूरह अल-बकरहमध्ये तर पती-पत्नींना एकमेकांचा पोशाख म्हटले आहे. झाकणारा, ऊब देणारा, जवळ राहणारा, असा पोशाखाचा अर्थ या ग्रंथाने धरला आहे. त्यात संख्येला कुठेच स्थान नाही.

पैगंबर मुहंमद (स.) आपल्या चपला स्वतः सांधत आणि कपडे स्वतः शिवत, अशी हजरत आयेशा (र.) यांची आठवण आहे. तरीही गबाळेपणा म्हणजे धर्मनिष्ठा, असे त्यांनी मानले नाही. एक सधन माणूस अगदी फाटक्या वेषात त्यांच्यासमोर आला. तुझ्याकडे मालमत्ता आहे का, असे त्यांनी विचारले. उंट, शेळ्या, घोडे सगळे आहे, असे उत्तर आले. तेव्हा अल्लाहने दिलेल्याची खूण तुझ्या अंगावर दिसू दे, असे त्यांनी सुचवले. ऐपत असूनही गरिबीचे सोंग घेणे हाही एक प्रकारचा दिखावाच. साधेपणाची रेघ या दोन टोकांच्या मधून जाते: अंगावर स्वच्छ, नीट, शोभेल असे असावे आणि गरजेपलीकडे साठवू नये.

हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीतली एक कथा उर्दू शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सरकारी खजिन्यातून प्रत्येकाला सारखे कापड वाटले गेले. पुढच्या शुक्रवारी खलिफा त्या कापडाचा पुरता झगा घालून बोलायला उभे राहिले, तेव्हा एक साधा माणूस उठला. वाट्याला आलेल्या कापडात एवढ्या उंच माणसाचा झगा होत नाही, हे जादा कापड आले कुठून, असा त्याचा सवाल होता. उमर यांनी मुलाकडे पाहिले. मुलाने सांगितले, की आपला वाटा आपण वडिलांना दिला. राज्यकर्त्याच्या अंगावरच्या कापडाचा हिशेब भरसभेत मागता येत होता आणि तो द्यावाही लागत होता.

मुसअब बिन उमैर (र.) यांची हकिगत याहून चटका लावणारी. ते मक्केतले श्रीमंत घरचे तरुण. उंची कपड्यांसाठी आणि अत्तरासाठी त्यांचे नाव होते. इस्लाम स्वीकारल्यावर घर तुटले, मालमत्ता गेली. इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत ते शहीद झाले, तेव्हा कफनाला एकच चादर होती. डोके झाकले की पाय उघडे पडत, पाय झाकले की डोके. अखेर चादरीने डोके झाकून पायांवर गवत घातले गेले. पुढे बरीच वर्षे लोटल्यावर अब्दुर्रहमान बिन औफ (र.) या मोठ्या व्यापाऱ्यासमोर रोजाच्या दिवशी जेवण मांडले गेले, तेव्हा त्यांना ती आखूड चादर आठवली. मुसअब आपल्याहून चांगला होता, असे म्हणून ते रडू लागले आणि समोरचे अन्न तसेच राहिले. भरल्या कपाटासमोर उभे राहून ही हकिगत आठवावी अशीच आहे.

ट्रंकेतला हिशेब

हा विचार एका धर्मापुरता नाही आणि कोल्हापूरला तर तो परकाही नाही. अपरिग्रह हे जैन धर्माच्या मुख्य व्रतांपैकी एक, आणि या जिल्ह्यात जैन समाजाची वस्ती मोठी. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील महाराष्ट्राला आठवतात ते खांद्यावरच्या घोंगड्यासह. गाडगेबाबांना तर लोक त्यांच्या चिंध्यांच्या पोशाखावरूनच ओळखत. महात्मा गांधींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत अंगरखा आणि टोपी सोडून पंचा स्वीकारला. ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणा देणारे उर्दू शायर हसरत मोहानी यांनी त्याच काळात स्वदेशी कापडाचे दुकान चालवले आणि स्वतःही आयुष्यभर साध्या, देशी कपड्यांत राहिले. सूफींची ठिगळांची गुदडी आणि कोल्हापुरातली आजीच्या हातची वाकळ, दोन्हींतली शिवण सारखीच.

थोरांची गोष्ट सोडली, तरी साध्या घरांतही कपड्यांचे एक शास्त्र होते. त्याला कोणी शास्त्र म्हणत नसे. कपडे तीन प्रकारचे असत: रोजचे, जाण्यायेण्याचे आणि ठेवणीतले. ईदचा किंवा दिवाळीचा जोड आधी ठेवणीत जाई. वर्षभर लग्नकार्याला, पाहुण्यांकडे जायला तोच बाहेर निघे. पुढच्या सणाला नवा आला, की जुना जाण्यायेण्याचा होई आणि त्याच्या आधीचा रोजचा. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवत. दुमड आत मोठी ठेवत, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून पाय लांब करता येई. कॉलर घासली, की शिंपी ती उलटवून देई आणि शर्टाला आणखी दोन वर्षे मिळत. एकाच थानातून तिघा भावांचे शर्ट निघत, आणि थोरल्याचा धाकट्याला होई.

कापडाचा प्रवास इथे थांबत नसे. अम्मीची सुती साडी विरली, की तिचा आधी लहान मुलीचा परकर होई, मग बाळाची दुपटी, मग वाकळेचा एक पदर, शेवटी चुलीजवळचे फडके. जे घरात उपयोगाचे नसे, ते बोहारणीच्या पाटीत जाऊन पातेले घरात येई. दुपारी दारात बसून तिच्याशी घासाघीस करणाऱ्या बायकांत मोहल्ल्यातल्या खाला असत आणि वाड्यातल्या काकूही. ‘वापरा, सांधा, पुढे द्या’ हे कुठल्या पाटीवर लिहिलेले नव्हते, तरी घरोघरी पाळले जाई.

कोल्हापुरी चपलेचे घ्या. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरातल्या एका इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारख्या चपला अवतरल्या आणि मोठा वाद झाला. त्या वादात तिची कलाकुसर गाजली. तिचा दुसरा गुण मात्र चपलेच्या गल्लीतले कारागीर आणि तिला वापरणारेच जाणतात. ती दुरुस्त होते. अंगठा तुटला तर शिवता येतो, तळ झिजला तर नवा बसवता येतो, सुकली तर तेल देता येते. टाकून द्यायची वस्तू आणि सांभाळायची वस्तू यांतला फरक इथे पायाशीच दिसतो.

स्वस्ताईची किंमत

ही व्यवस्था मोडली ती हळूहळू. तयार कपडे आले, ते स्वस्त झाले आणि शिलाई महाग वाटू लागली. तीनशे रुपयांत नवा टॉप मिळत असेल, तर ऐंशी रुपये देऊन जुना अल्टर कोण करणार? मग मोबाइल आला. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बोटाच्या एका टोकाने खरेदी होऊ लागली. एका फोटोत दिसलेला पोशाख दुसऱ्या फोटोत दिसू नये, असा एक नवाच दंडक तयार झाला. हळदीला पिवळे, मेहंदीला हिरवे, संगीताला चमकीचे, असे रंगांचे फर्मान लग्नपत्रिकेसोबत येऊ लागले. निकाह असो वा विवाह, यात कोणी मागे नाही. एका लग्नासाठी चार जोड, आणि ते पुन्हा घालायचे नाहीत, कारण ‘सगळ्यांनी पाहिलेत’.

या हौसेचे ओझे कोणाच्या अंगावर पडते, ते पाहिले पाहिजे. दिवसाच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात नवरात्र, दिवाळी, ईद किंवा भाचीच्या लग्नासाठी कपडे हप्त्यांवर येतात. कपडा विटतो, हप्ता राहतो. शाळेतल्या मुलीला ईदनंतर पहिल्या दिवशी मैत्रिणी विचारतात, किती ड्रेस झाले? ‘एक’ हे उत्तर देताना तिचा आवाज खाली जातो. ज्या सणाच्या नमाजेत सेठ आणि हमाल एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात, त्या सणाच्या दुपारी कपड्यांवरून पुन्हा रांगा पडाव्यात, ही त्या नमाजेची थट्टा आहे.

ओझे घराबाहेरही आहे. एका सुती टी-शर्टमागे कापसाच्या शेतापासून शिवणीपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज जागतिक पातळीवर नेहमी दिला जातो. रंगाई-धुलाईचे पाणी नीट शुद्ध न करता सोडले, तर नदीचे काय होते, हे पंचगंगेकाठच्या लोकांना वेगळे सांगायला नको. पॉलिएस्टर धुताना त्याचे सूक्ष्म धागे पाण्यात जातात आणि ते कुजत नाहीत. बांगलादेशात ढाक्याजवळ सावरला २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिथल्या शिलाई कारखान्यांतले १,१३४ कामगार गेले, आणि त्यांत तरुण मुली-बायकांचे प्रमाण मोठे होते. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले गेले, कारण परदेशी ऑर्डर वेळेत द्यायची होती. कपडा फार स्वस्त मिळतो, तेव्हा उरलेली किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजलेली असते.

कपाट कसे लावावे

लंडनमधल्या सूझी फॉ या दुकानदार बाईंनी १९७० च्या दशकात ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ ही कल्पना रूढ केली: मोजके, चांगले, एकमेकांशी जुळणारे कपडे. आज तरुण मुले-मुली तिला नवी म्हणून पाहतात. तिचा गाभा आजीच्या ट्रंकेतलाच आहे. ईदची चांदरात येण्याआधी किंवा पाडव्याच्या साफसफाईत, एका सुट्टीच्या दुपारी ती घरी करून पाहण्यासारखी आहे.

कपाटातले सगळे कपडे एकदा पलंगावर काढावेत. अर्धवट काढले, तर मागच्या कप्प्यातले तिथेच राहते. मग चार ढीग करावेत: नेहमी लागणारे, दुरुस्तीने लागतील असे, दुसऱ्याला देण्याजोगे आणि फडक्याला जातील असे. गेल्या ईदपासून या ईदपर्यंत अंगाला न लागलेला कपडा पहिल्या ढिगात जाऊ नये. ‘बारीक झाल्यावर होईल’ म्हणून ठेवलेल्या कपड्यांबाबत मनाशी खरे बोलावे. आईच्या हातची, आठवणीची एखादी साडी किंवा वडिलांची शेरवानी या हिशेबात धरू नये. अशा दोन-चार गोष्टी खुशाल ठेवाव्यात. साधेपणा म्हणजे आठवणी विकणे नव्हे.

किती कपडे असावेत याचा आकडा सर्वांना सारखा नसतो. बस कंडक्टर, शिक्षिका, शेतकरी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या गरजा निराळ्या. हिशेब धुण्यावरून बांधावा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्यामुळे रोजच्या वापराला सहा-सात जोड लागू शकतात. उन्हाळ्यात चार पुरतात. जाण्यायेण्याचे तीन आणि ठेवणीतले एक-दोन. रंग असे निवडावेत, की कोणतीही सलवार दोन-तीन कुर्त्यांखाली चालेल, कोणतीही पँट सगळ्या शर्टांवर जाईल आणि दोन दुपट्टे पाच ड्रेसना पुरतील. असे जुळले, की थोड्या कपड्यांतही रोज वेगळे दिसते.

नवे घेताना आधी कपडा आतून बाहेर करून पाहावा. शिवणीला मार्जिन किती सोडले आहे, टाके बारीक आहेत की लांब, काजाचे धागे सुटतात का, हे किमतीच्या चिठ्ठीपेक्षा जास्त सांगते. एखादी वस्तू आवडली, तर एका चंद्रापासून दुसऱ्या चंद्रापर्यंत थांबावे. महिन्याने ती आठवली, तर गरज असेल. बहुतेक वेळा ती आठवतही नाही. नवा कपडा घातला, की जुना दान करावा, ही शिकवण हजरत उमर (र.) यांच्या हवाल्याने सांगितली जाते. ती पाळली, तर कपाट आपोआप फुगायचे थांबते.

सांभाळणे हा यातला मोठा भाग. सुती रंगीत कपडे उलटे करून धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. दर वेळी साबणात बुडवण्याची गरज नसते. एकदा थोडा वेळ घातलेला कुर्ता हवेवर टाकून पुन्हा घालता येतो. जरीच्या साड्या आणि भरजरी दुपट्टे प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, सुती कापडात गुंडाळावेत आणि वर्षातून दोन-तीनदा घडी बदलावी, नाहीतर घडीवर जर तुटते. पावसाळ्यात कपाट अधूनमधून उघडे ठेवावे, कडुलिंबाचा वाळला पाला घालावा. सुई-दोरा, चार बटणे आणि एक हूक घरात असावे, आणि बटण लावायला मुलांनाही शिकवावे. मुलग्यांना तर आवर्जून. घरातल्या साऱ्यांचे कपडे धुणे, घड्या करणे, इस्त्रीला देणे हे काम आजही अम्मी, भाभी, वहिनींच्या वाट्याला येते. कपडे निम्मे झाले, की त्यांचे कामही हलके होते. साधेपणाचा हा फायदा पुरुषांच्या सहसा ध्यानात येत नाही.

देताना डोळे उघडे

कपाट रिकामे झाले, की देण्याचा प्रश्न येतो. रमजान हा जकातीचा महिना. शिल्लक संपत्तीवर अडीच टक्के जकात, आणि ईदच्या नमाजेआधी फितरा. अंगावरच्या, वापरातल्या कपड्यांवर जकात नाही. मात्र फितरा कोणावर वाजिब हे ठरवताना हनफी फिक्हमध्ये गरजेपलीकडचे घरसामानही मोजले जाते. म्हणजे न वापरता ठेवलेले कपडे ही मालमत्ताच, अडगळ म्हणून ती हिशेबातून सुटत नाही.

दान कसे असावे, याबाबतही कुरआन स्पष्ट आहे. जे स्वतःला कोणी दिले तर डोळे मिटूनच घ्यावे लागेल, असे टाकाऊ काढून देऊ नका, असा सूरह अल-बकरहमधील आशय आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे राज्यभरातून ट्रक भरभरून मदत आली. त्या मदतीने माणसे तरली, हे कोणी विसरणार नाही. पण तिच्यात जुन्या कपड्यांची इतकी गाठोडी होती, की जुने कपडे पाठवू नका, असे आवाहन करण्याची वेळ आली. घर चिखलात गेलेल्या बाईला कोणाचा तरी फाटका, बटण तुटलेला ब्लाऊज हातात घेताना काय वाटले असेल? देणाऱ्याचे कपाट मोकळे झाले आणि घेणाऱ्याचा मान गेला, तर त्याला दान म्हणता येत नाही.

चांगला नमुनाही याच शहरात आहे. इराणमधल्या मशहद शहरात २०१५ मध्ये एका भिंतीवर खुंट्या ठोकून, नको असेल ते ठेवा, हवे असेल ते न्या, अशी सोय सुरू झाली. ती कल्पना देशोदेशी गेली आणि ‘माणुसकीची भिंत’ या नावाने महाराष्ट्रात आली. कोल्हापुरातही दिवाळीच्या दिवसांत सीपीआर चौकात ती उभी राहिली. इथे देणारा घेणाऱ्यासमोर उभा नसतो. नाव विचारले जात नाही, जात-धर्म विचारला जात नाही. अशी भिंत ईदच्या आधीही भरावी, आणि तिथे ठेवलेला प्रत्येक कपडा धुतलेला, शिवलेला, घडी केलेला असावा. ज्याची घडी करून द्यावीशी वाटत नाही, तो कपडा फडक्याच्या ढिगात टाकावा.

विणकराचे काय?

यावर एक रास्त आक्षेप येतो. लोकांनी खरेदी कमी केली, तर दुकानदाराचे, शिंप्याचे, यंत्रमागाचे काय? हा जिल्हा कापडावर जगलेला आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ च्या सुमारास आला आणि पुढे ते ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला, आणि त्याच वर्षी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी पुढाकार घेतला. त्यातून उभ्या राहिलेल्या दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगच्या पटांगणावर आज ईदची नमाज होते. कापड आणि शिक्षण या दोन्हींनी या शहराला उभे केले. तेव्हा कापडावर जगणाऱ्यांचा विचार न करता साधेपणाचा उपदेश करणे बेजबाबदारपणाचे होईल.

पण नीट पाहिले, तर आजच्या अतिखरेदीतला पैसा या लोकांकडे फारसा जातही नाही. तो दूरच्या कारखान्यांकडे आणि मोबाइलवरच्या दुकानांकडे जातो. वर्षाला दहा तकलादू ड्रेस घेणाऱ्या घराने त्याच पैशात तीन चांगल्या सुती कापडाचे ड्रेस गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेतले, चार जुने त्याच्याचकडून अल्टर करून घेतले, तर पैसा शहरात राहतो. रमजानच्या अखेरीस ‘ऑर्डर बंद’ अशी पाटी लावणारा शिंपी वर्षाचे बाकीचे महिने रिकामा बसतो. दुरुस्तीचे काम त्याला बाराही महिने मिळू शकते. रफूगर तर शोधून सापडत नाहीत, कारण रफूला कोणी येत नाही. यंत्रमागाच्या अडचणी वीजदर, सुताचे भाव, बाजारपेठ अशा अनेक आहेत आणि त्या एका घराच्या कपाटातून सुटणार नाहीत. तरीही टिकाऊ कापडाला गिऱ्हाईक वाढले, तर त्यात विणकराचे नुकसान नाही.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे, आणि तो मान्यच केला पाहिजे. ज्याच्याकडे दोनच जोड आहेत, त्याला साधेपणा शिकवणे हा उद्धटपणा आहे. त्याच्या मुलीला ईदला किंवा पाडव्याला नवा फ्रॉक मिळावा, तिने तो घालून गल्लीभर मिरवावे, यात काहीही इस्राफ नाही. साधेपणाची सुरुवात ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनीच करायची. मोहल्ल्यातल्या सधन घराने ईदला मागच्या वर्षीचा स्वच्छ कुर्ता घातला, तर शेजारच्या रिक्षावाल्याला मुलांसमोर मान खाली घालावी लागत नाही. श्रीमंताच्या लग्नात रंगांचे फर्मान निघाले नाही, तर गरीब नातेवाइकाला कर्ज काढावे लागत नाही. एका घराचा साधेपणा दुसऱ्या घराची सुटका करतो.

मशिदींच्या जमातींना, तालीम मंडळांना, महिला बचत गटांना यासाठी करण्यासारखे बरेच आहे. शुक्रवारच्या खुतब्यात इस्राफ हा विषय जेवणावळींपुरता न ठेवता कपड्यांपर्यंत आणता येईल. लग्नाच्या बैठकीत मानपान ठरवताना आहेराच्या साड्या आणि जोड कमी करण्याचा मुद्दा दोन्हीकडच्या ज्येष्ठांनी मांडता येईल. देणारा नाखुशीने देतो, घेणारा तोच आहेर पुढच्या लग्नात सरकवतो, आणि अशी साडी न नेसताच चार घरे फिरून येते, हे सर्वांना माहीत आहे. बचत गटांना दुरुस्तीचे आणि वाकळा शिवण्याचे काम देता येईल. शाळांना वर्ष संपताना चांगल्या स्थितीतल्या गणवेशांची अदलाबदल घडवून आणता येईल. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

हज-उमऱ्याला जाणारा पुरुष, राजा असो वा रंक, दोन बिनशिवलेल्या चादरी अंगावर घेतो. अखेरच्या प्रवासाला निघतो तेव्हाही काही हात पांढरे कापडच सोबत असते आणि त्याला खिसा नसतो. या दोन्हींच्या मधल्या आयुष्यात माणसाने नीटनेटके, रंगीत, आनंदाचे कपडे जरूर घालावेत. सण त्यासाठीच असतात. येत्या दोन-तीन दिवसांत बाजारात जाण्याआधी मात्र प्रत्येक घराने आपले कपाट एकदा उघडावे. त्यातला एक चांगला, धुतलेला जोड बाजूला काढावा आणि ईदची नमाज होण्याआधी, पाडव्याची गुढी उभी राहण्याआधी, तो ज्याला गरज आहे त्याच्या घरी पोहोचता करावा. मग उरलेल्यांतला चांगला कपडा घालून शेजाऱ्याला शिरखुर्मा द्यावा आणि त्याच्याकडची पुरणपोळी खावी.